तोरणाखालची झडती

मोहदरीच्या पुंडलिकरावांना गावात मान होता, पण तो जमिनीमुळे नव्हे. जमीन बेताची, कापूस, सोयाबीन आणि मधल्या ओळींत तूर, एवढ्यात घर चालायचं. शिक्षणामुळे तर नव्हेच. वडील लवकर गेले, धाकट्या भावाची शाळा चालू राहावी म्हणून यांची सुटली, आणि तो भाऊ पुढे यवतमाळला नोकरीला लागला तो तिकडचाच झाला. पुंडलिकरावांच्या वाट्याला शेत, म्हातारी आई आणि जीभ एवढंच उरलं. त्या जिभेनंच त्यांना वर आणलं आणि तिनंच त्यांचं तोंड काळं केलं, ते सांगायचं आहे.

वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला झडती म्हणजे काय ते आधी सांगावं लागेल. पोळ्याच्या दिवशी गावाच्या तोंडाशी आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. त्याखाली झुली घातलेले, शिंगं रंगवलेले बैल ओळीनं उभे राहतात आणि तोरण तुटायच्या आधी माणसं एकमेकांवर झडत्या म्हणतात. झडती म्हणजे चार ओळींची चपराक. पहिल्या ओळीला अर्थ नसला तरी चालतो, शेवटच्या ओळीला मात्र दात असावे लागतात. ती ओळ संपली की सारा गाव बैलांच्या पाठीवरून गर्जतो, "हर बोला हर हर महादेव!" ज्याच्यावर झडती आली त्यानं रागवायचं नाही. हसायचं, आणि जमलं तर उलट झडती म्हणायची. वर्षभराची खुन्नस तिथंच झाडून माणसं पुरणपोळी खायला घरी जातात.

पुंडलिकराव या कामात पटाईत. मिसरूड फुटायच्या वयात त्यांनी पहिली झडती म्हटली ती थेट रस्ता मोजायला आलेल्या साहेबावर:

"पेरू रे पेरू, पिकला पेरू,
गावच्या रस्त्यात हरपलं वासरू;
साहेब आले मोजाले, बसले जीपच्या आत,
खड्ड्यात गेली जीप, अन् मोजत बसले दात!"

साहेब पाहुणा म्हणून तिथंच खुर्चीवर बसलेले होते. तेही हसले. त्या दिवसापासून शाळा सुटलेल्या पुंडलिकाचा पुंडलिकराव झाला. पुढे ढाणकीच्या बाजारात कोणी मोहदरीचं नाव काढलं की समोरचा विचारायचा, "त्या झडतीवाल्याचं गाव का?" हे ऐकून पुंडलिकरावांची छाती फुगायची. वर्षाचे बाकीचे दिवस ते चारचौघांसारखे शेतकरी होते, पण पोळ्याच्या संध्याकाळी ते राजे होते, आणि माणसाला एकदा राजेपणाची चटक लागली की ती सुटत नाही.

त्यांना एकच मुलगा, कपिल. बापाची जीभ त्याच्याकडे आलीच नाही. पोरगा इतका कमी बोलायचा की विमलताईंना, म्हणजे त्याच्या आईला, लहानपणी काळजी वाटायची. पण अभ्यासाला असा लागला की उमरखेडहून यवतमाळच्या इंजिनियरिंग कॉलेजात आणि तिथून आणखी शिकून बंगलोरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत गेला. लढाऊ विमानाचं इंजिन आपल्याच देशात बनवायचं, ही तिथली नोकरी. तिथं लागल्यावर पहिल्यांदा घरी आला तेव्हा पुंडलिकरावांनी विचारलं, "तू नेमकं करतं काय बाप्पा?"

कपिलनं जेवणाच्या ताटावर बसूनच सांगितलं. इंजिनाच्या पोटात आग असते. त्या आगीचा झोत इतका तापलेला की समोरच्या पात्याचा धातू त्यात वितळूनच जायला हवा. तरी तो वितळू द्यायचा नाही, उलट त्याच झोतावर ते पातं गरागरा फिरलं पाहिजे. हे जगात मोजक्याच देशांना जमतं, आणि ज्यांना जमतं ते दुसऱ्याला शिकवत नाहीत.

"म्हंजे चुलीत जाळ तर पायजे, पण चूल जळाले नाई पायजे. एवढंच ना?"

"हो बाबा, एवढंच," कपिल हसून म्हणाला.

पुढच्या एका सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदन झालं आणि नंतर मोठ्या टीव्हीवर दिल्लीची परेड लावली. आभाळातून विमानं गेली. आपल्या देशात बनलेलं लढाऊ विमान, असं टीव्हीवरची बाई म्हणाली, आणि मागच्या रांगेतून पुंडलिकरावांच्या तोंडून निघून गेलं, "त्याच्यातलं इंजिन आपल्या कपिलचं हाय बरं." सगळ्या माना वळल्या. कोणीतरी उठून त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली.

रात्री फोनवर त्यांनी ही गंमत कपिलला सांगितली. तो म्हणाला, "बाबा, त्या इमानातलं इंजिन बाहेरून आणलेलं हाय. आमचं अजून चाचणीवर हाय. त्या इमानाले ते बसलंच नाई. तुमी असं सांगत नका जाऊ."

पुंडलिकरावांनी ते ऐकलं. पुरतं ऐकलं आणि पुरतं समजलं. पण गावाला जाऊन हे सांगायचं कोणी? खुर्ची मिळाली होती ती परत द्यायची? आज ना उद्या पोराचं इंजिन बसेलच, मग आपलं बोलणं आपोआप खरं ठरेल, असं त्यांनी मनाला समजावलं. लग्नात, तेराव्यात, बाजारात, जिथं विमानाचा विषय निघेल तिथं ते तेच सांगत राहिले. कपिल पुन्हा दोनदा बोलला, मग त्यानं नाद सोडला.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी कपिल बऱ्याच काळानं पोळ्याला घरी आला. बायको गुंजन शाळेत शिकवायची, तिला सुट्टी नव्हती, म्हणून एकटाच आला. वाळला होता. विमलताईंनी पाहिल्या पाहिल्या ओळखलं की काहीतरी बिनसलंय, पण त्यांनी विचारलं नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून बैलाच्या मानेला घट्टे पडतात, त्यांना कोमट पाण्यानं शेकून हळद आणि लोणी चोळायचं, आणि बैलाच्या कानात सांगायचं की आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. कपिलनं ते काम स्वतःच्या हातांनी केलं. लोणी चोळता चोळता, बैलाच्या पलीकडे उभ्या असलेल्या बापाकडे न पाहता तो बोलायला लागला.

"बाबा, माहं काम गेलं. नोकरी हाय, पण काम गेलं. मोठ्या चाचणीत इंजिनातलं एक पातं मोडलं. एक मोडलं की त्याचे तुकडे बाकीच्याले घेऊन जातेत. सारं इंजिन आतून फाटलं. चौकशी झाली. आता मले दुसऱ्या टेबलावर बसवलं. नवं इंजिन बाहेरच्या कंपनीसोबत मिळून बनवाचं म्हणून राह्यले. ते होईनबी. पण ज्याच्यात मी इतकी वर्सं घातली, ते माह्या डोयानं उडताना मी पाहीन असं वाटत नाई मले."

एवढं लांब तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. बैलानं मान हलवली, कपिलनं ती थोपटली. आता बापानं काही बोलावं अशी ती वेळ होती. पुंडलिकरावांच्या जिभेवर गावभराचे शब्द असायचे, त्यातला एकही त्यांना त्या गोठ्यात सापडला नाही. पोराच्या खांद्यावर हात ठेवावा हेही सुचलं नाही. सुचलं ते एकच, आणि ते त्यांनी बोलून दाखवलं.

"उद्या गावात कोणापाशी बोलू नको हे."

कपिल म्हणाला, "नाई बोलत." आणि दुसऱ्या बैलाकडे वळला.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. ट्रॅक्टर आले तशा बैलजोड्या कमी झाल्या, पण माणसं कमी झाली नाहीत. पुंडलिकरावांची जोडी पुढच्या ओळीत होती आणि कासरा धरून कपिल उभा होता. डोक्याला आईनं बांधून दिलेला फेटा, अंगात पांढरा सदरा. बाप भगवा फेटा बांधून झडतीवाल्यांच्या घोळक्यात. दोनचार झडत्या झाल्या, सोयाबीनच्या भावावर एक, वीज जाते त्यावर एक. मग रोशन पुढे आला.

रोशन म्हणजे ढाणकीत खताबियाण्याचं दुकान चालवणारा गावचाच तरुण. दुकानात बसून मोबाइलवर साऱ्या जगाच्या बातम्या वाचणारा. दोन वर्षांपासून तो झडत्या म्हणायला लागला होता आणि लोक त्याला हसायलाही लागले होते. पुंडलिकरावांच्या पोटात ते दुखत होतं. रोशननं मोबाइल दुसऱ्याच्या हातात दिला, "काढ बे व्हिडिओ," म्हणाला आणि हात वर केला:

"बोरी रे बोरी, काट्याची बोरी,
पुंडलिकरावाच्या हाती इमानाची दोरी;
इमान उडे आभाळी, इंजिन परक्याच्या घरचं,
अन् राव सांगे गावाले, हे माह्या पोराच्या हातचं!"

"हर बोला हर हर महादेव!" गाव कोसळलं हसून. पहिल्या रांगेतले हसले, मागचे हसले, बायाही पदर तोंडाला लावून हसल्या.

आता नीट पाहायला गेलं तर या झडतीत कपिलवर एक शब्दही नव्हता. जे होतं ते पुंडलिकरावांच्या बढाईवर होतं, आणि ते शंभर टक्के खरं होतं. रीत सांगत होती की हसावं, "हो बाबू, हाणल्या गप्पा म्या," म्हणावं आणि वर एक झडती रोशनच्या दुकानावर हाणावी. पन्नास माणसांवर झडत्या म्हणून त्यांना हसायला लावणाऱ्या माणसाला स्वतःवर आलेली पहिली खरी झडती मात्र सोसवली नाही. सगळा गाव आपल्याकडे बघतोय, आपण खोटे पडलो, आता आपली खुर्ची गेली, एवढंच त्यांना दिसत होतं. आणि अशा वेळी जीभ जे जवळ सापडेल ते उचलते. जवळ सापडलं ते आदल्या संध्याकाळचं.

"तवा रे तवा, लोखंडाचा तवा,
कपिलच्या त्या इंजिनात नुसती भरली हवा;
माहा बैल नांगर वढे, मोडला नाई फाळ,
याचं मोडलं एक पातं, अन् घरी आलं बाळ!"

क्षणभर कोणाचा विश्वास बसला नाही. बापानं पोरावर? तोरणाखाली? मग जो हशा उठला तसा मोहदरीच्या पोळ्यात कधी उठला नव्हता. "हर बोला" दोनदा झालं. रोशननं पुंडलिकरावांच्या हातावर टाळी दिली, "मानलं बुवा तुमाले!" आणि पुंडलिकरावांनीही हसत टाळी दिली. हात खाली येताना त्यांची नजर बैलांकडे गेली.

कपिल हसत होता. रीतच तशी होती ना. ज्याच्यावर झडती येते त्यानं हसायचं असतं. पण कासरा त्यानं हाताला इतका गुंडाळून घेतला होता की बोटं पांढरी पडली होती. पुंडलिकरावांना ते लांबूनही दिसलं.

तोरण तुटलं, बैल पळाले, धूळ उडाली. कपिलनं रीतीप्रमाणे जोडी घरोघर फिरवली. प्रत्येक दारात बाया बैलांना ओवाळायच्या आणि आतून कोणीतरी म्हणायचं, "काय रे बाळ, आलं का घरी?" तो मान डोलवायचा. घरी आल्यावर त्यानं बैलांना पुरणपोळी भरवली, हातपाय धुतले आणि जेवायला बसला. वाढताना विमलताईंच्या हातातली पळी ताटावर आपटत होती. शेवटी कपिलच बोलला, अगदी हळू.

"पातं मोडलं ते म्या तुमाले सांगतलं होतं बाबा. गावाले नाई."

"अरे, झडतीत कोणी मनावर घेत असते काय?" पुंडलिकराव म्हणाले. म्हणताना त्यांचं त्यांनाच ओशाळं वाटत होतं.

कपिल दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं गेला. तो वळणापलीकडे गेल्यावर विमलताई घरात आल्या, चुलीपाशी बसल्या आणि नवऱ्याकडे न पाहता म्हणाल्या, "रोशननं तुमाले हाणलं. तुमी पोराले पुढं केलं."

पुंडलिकरावांनी बाहेर येऊन विडी पेटवली आणि ती हातातच विझली.

खरी शिक्षा मात्र पुढेच होती, आणि ती कौतुकाच्या रूपानं आली. रोशनच्या मोबाइलवरचा तो व्हिडिओ ढाणकी, उमरखेड, पुसद करत जिल्हाभर फिरला. त्यात पुंडलिकरावांची झडती तेवढी होती आणि चेहरा दिसत नव्हता. बैलांची शिंगं, पाठमोरा भगवा फेटा आणि वर उचललेला हात, एवढंच. पण आवाज स्पष्ट होता आणि मोहदरीचं नाव होतं. पुंडलिकराव बाजारात गेले की हमाल ओरडायचे, "याचं मोडलं एक पातं!" चहावाला पैसे घेईना. नंदाबाई भाजीवाली म्हणाली, "काय हासलो आमी घरी, सारेजण!" लहान पोरांनी तर दुसऱ्याच दिवशी, त्यांच्या तान्ह्या पोळ्याला, लाकडी बैल ओढत तीच झडती म्हटली होती. जन्मभर ज्या नावासाठी धडपडले ते नाव एका व्हिडिओनं मिळवून दिलं, आणि आता त्यांना ते नको झालं होतं. कोणी झडती म्हणायला लागलं की ते दुसऱ्या गल्लीत शिरायचे. बाजार त्यांनी हळूहळू सोडलाच.

दिवाळीला कपिल आला नाही. गुंजनचा फोन आला, ती गोड बोलली, सुट्टी नाही म्हणाली. कपिल फोनवर आईशी बोलायचा आणि "बाबाले विचारलं म्हणून सांग" म्हणून ठेवायचा. पुंडलिकराव बाजूलाच बसलेले असायचे. फोन मागून घ्यायचा धीर त्यांना एकदाही झाला नाही. झडतीच्या चार ओळी ज्यांना घटकाभरात सुचल्या, त्यांना "चुकलं बाबू" हे दोन शब्द महिनोन् महिने जुळवता येईनात.

तुरीला शेंगा धरल्या तेव्हा एके दिवशी विमलताई फोन ठेवून म्हणाल्या, "कपिल यवतमाळले येऊन राह्यला. त्याच्या हाताखालच्या साकेतचं लग्न हाय तिथं. घरी याले जमणार नाई म्हणते." मग म्हणाल्या, "तुमी जा. मी नाई येत सोबत. तुमचं तुमीच बोला."

पुंडलिकरावांनी धुतलेलं धोतर नेसलं, पिशवीत उकडलेल्या तुरीच्या शेंगा घेतल्या आणि उमरखेडहून यवतमाळची एसटी धरली. वाटभर ते मनात वाक्य जुळवत होते. कपिलला एका कोपऱ्यात घ्यायचं, कोणाच्या कानावर जाणार नाही असं हळूच म्हणायचं, शेंगा द्यायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परतायचं. एवढंच ठरलं होतं.

मंगल कार्यालयात अक्षता पडून गेल्या होत्या, जेवणं चालू होती. कपिल त्यांना पाहून चकित झाला. वाकून पाया पडला, खुर्ची दिली, शेजारच्या तरुणाला म्हणाला, "मंदार, हे माझे बाबा. बस यांच्याजवळ, मी ताट घेऊन येतो." आणि गर्दीत गेला.

मंदार पुण्याकडचा, कपिलच्या गटात नवा लागलेला पोरगा. डोळ्यांवर चष्मा, बोलायची हौस मोठी. तोही वाकून पाया पडला. "काका, तुम्हाला भेटायचंच होतं. तुम्ही मोहदरीचे ना? मग एक सांगा, तुमच्या गावातले ते झडतीवाले कोण हो? ते पोळ्याचे?"

पुंडलिकरावांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"साकेतला इथल्या मित्रानं तो व्हिडिओ पाठवला," मंदार सांगत होता. "ऑफिसात सगळ्यांनी पाहिला. आम्ही कपिल सरांना विचारलं, तर म्हणाले, आहेत गावातले एक म्हातारे, मनानं वाईट नाहीत. नाव काही सांगेनात." त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काका, खरं सांगू? आम्हाला फार लागलं ते. ते पातं सरांच्या हातचं नव्हतंच. पाती तपासायचं काम माझं होतं. त्यात एक बारीक भेग माझ्या नजरेतून सुटली. चौकशी बसली तेव्हा माझी नोकरी नवी, मी घाबरून गेलो होतो. सर उभे राहिले आणि म्हणाले, गट माझा आहे, उत्तर मी देईन. माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत पुढे येऊ दिलं नाही. त्यापायी त्यांचं काम गेलं. आणि त्या म्हाताऱ्याला ते चार ओळींत हसण्यावारी नेताना काहीच वाटलं नाही?"

पुंडलिकराव पिशवीकडे पाहत राहिले. 'आहेत गावातले एक म्हातारे.' पोरानं त्यांना लपवलं होतं. बापाची अब्रू जाऊ नये म्हणून, की असा बाप आपला आहे हे सांगायची लाज वाटली म्हणून, ते त्यांना कळेना. दोन्हीतलं काहीही असलं तरी ते त्यांना बोचणारच होतं. आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट ही, की क्षणभर त्यांना बरंही वाटलं. कोणाला माहीत नाही. गप्प बसलं तर निभावून जाईल. असं वाटल्याचं त्यांच्या लक्षात आलं आणि स्वतःचीच किळस आली.

कपिल ताट घेऊन आला. त्यानं मंदारचा चेहरा पाहिला, बापाचा पाहिला आणि काय झालं ते ओळखलं. "मंदार, तू जेवून घे आधी," तो म्हणाला.

"तो मीच हाय," पुंडलिकराव म्हणाले.

"काय काका?"

"झडतीवाला म्हातारा. मीच तो. याचा बाप हाय मी, अन् झडतीबी माहीच हाय."

मंदारचा चेहरा उतरला. "सॉरी काका, मला खरंच माहीत नव्हतं..."

"तू कायले माफी मांगतं बाबू? माफी तं म्या मांगाले पायजे!" आवाज चढला. सवयच होती, हळू बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. शेजारच्या टेबलावरचे बंगलोरचे लोक वळून पाहायला लागले.

कपिलनं वाकून बापाचा दंड धरला. "बाबा, हळू. लोक आयकून राह्यले."

"आयकू दे. तवाबी सारं गाव आयकत होतं."

आणि पुंडलिकरावांनी सांगितलं. ताटं हातात घेऊन उभ्या असलेल्या त्या अनोळखी माणसांसमोर, यमक न जुळवता, अडखळत सांगितलं. विमानातलं इंजिन पोराचं नाही हे पोरानं आपल्याला वारंवार सांगितलं होतं, तरी आपण खुर्चीपायी गावाला खोटं सांगत फिरलो. रोशनची झडती आपल्यावर होती आणि खरी होती. पोरानं बैलाचे खांदे शेकताना जे मन मोकळं केलं, तेच आपण दुसऱ्या दिवशी स्वतःला वाचवायला वापरलं. "पोरगं मले सांगत होतं तवा म्या त्याच्या पाठीवर हात नाई ठेवला," ते म्हणाले. "कोणापाशी बोलू नको म्हणलं. अन् मंग मीच बोललो. चुकलं बाबू माहं."

कोणी हसलं नाही. त्यांच्या बोलण्यावर चार माणसं हसली नाहीत असं उभ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. कोणीतरी हसावं, टवाळी करावी, दोन शब्द सुनवावेत, असं त्यांना फार वाटलं. पण सगळे अदबीनं उभे होते.

शेजारच्या टेबलावरचे एक वयस्कर गृहस्थ पुढे आले. त्यांना मराठी कळत नव्हतं. त्यांनी कपिलला हिंदीत विचारलं की हे कोण, यांना काही त्रास होतोय का.

कपिलनं ताट खाली ठेवलं. बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ये मेरे पिताजी हैं. वो व्हिडिओ में जो आवाज है, इन्हींकी है."

गृहस्थांनी हात जोडले. पुंडलिकरावांनाही जोडायचे होते, पण हात पिशवीवरून सुटेनात आणि मान वर होईना. खांद्यावरचा हात तसाच होता. त्या हाताखाली ते कितीतरी वेळ खाली पाहत बसून राहिले.